मंडळीची जबाबदारी अंगावर आली का? मग आधी हे करा

चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचकमिटीत नाव आलं, किंवा पाळक साहेबांनी, म्हणजे चर्चच्या पाद्रींनी सांगितलं की या गल्लीतली घरसभा आता तू बघ, की बहुतेक जण आधी बोलायची तयारी करायला लागतात. संदेश कसा द्यायचा, प्रार्थना मोठ्यानं कशी करायची, माईक कसा धरायचा. ते नंतर शिकता येतं, आणि नाही आलं तरी मंडळीचं फार बिघडत नाही. आपल्या मराठवाड्यातल्या लहानमोठ्या मंडळ्या मी बघत आलोय, शहरातल्या जुन्या दगडी चर्चपासून ते खेड्यात पत्र्याच्या शेडमध्ये भरणाऱ्या मंडळीपर्यंत, आणि माझं मत पक्कं झालंय की चांगला पुढारी एकाच गोष्टीवरून ओळखू येतो, आज जो माणूस चर्चला आला नाही त्याची आठवण ह्याला येते का नाही. बाकीचं सगळं, पैसा, भांडणं, कमिटीचं राजकारण, ह्याच्याच मागं येतं.

बायबलमधला यहेज्केल ३४ काढून वाचा एकदा. तिथं देव इस्राएलच्या मेंढपाळांवर चिडलाय आणि त्याच्या तक्रारी काय आहेत बगा, दुबळ्याला बळ दिलं नाही, आजाऱ्याला बरं केलं नाही, मोडलेल्याला पट्टी बांधली नाही, हरवलेल्याला शोधलं नाही, उलट स्वतःचीच पोटं भरली. संदेश कमी पडला किंवा गाणी बेसूर झाली अशी तक्रार त्यात कुठंच नाही.

पहिलं काम, वही करा

मोबाईलमध्ये नको, साधी वहीच घ्या. मंडळीतलं एकेक घर लिहा आणि समोर लिहा की हे लोक शेवटचे कधी दिसले आणि दिसत नसतील तर काहून. पाळकांकडं नावांची यादी असतेच पण ती सभासदांची असते, तुम्हाला पाहिजे ती गैरहजर लोकांची. ही वही एका दिवसात होत नाही, महिला मंडळातल्या बायकांना विचारत विचारत होते कारण कुणाच्या घरी काय चाललंय ते त्यांना सगळ्यात आधी कळतं.

आपल्याकडं गैरहजेरीची कारणं बघितली की लक्षात येतं, मंडळीचं खरं काम चर्चच्या बाहेर आहे. बीड, केज, धारूर, वडवणी, पाटोदा ह्या भागातली कितीतरी कुटुंबं दसरा-दिवाळी झाली की उचल, म्हणजे आगाऊ मजुरी घेऊन ऊसतोडीला जातात, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, आणि मार्च-एप्रिलमध्ये परत येतात. म्हणजे त्यांचा नाताळ कोपीवर, फडाजवळच्या झोपडीत होतो. इकडं चर्चला लायटिंग, केक, नवीन कपडे आणि तिकडं आपलीच बहीण पहाटे चारला उठून कोयता घेऊन फडात. अशा लोकांसाठी काय करायचं ते सांगतो. जायच्या आधीच्या रविवारी त्यांना पुढं बोलवून त्यांच्यासाठी प्रार्थना करा, कोणत्या कारखान्यावर चाललेत आणि मुकादमाचा नंबर काय ते वहीत लिहून घ्या, हंगामात एकदा तरी जीपभाडं काढून दोघंतिघं जण कोपीवर जाऊन भेटून या. मागं आजी-आजोबांजवळ राहिलेली पोरं संडे स्कूलला येतात का आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे शाळेत जातात का हे कुणातरी एकाच्या नावावर टाका, त्या पोरांसाठी सरकारची हंगामी वसतिगृहं असतात ती चौकशी मुख्याध्यापकाकडं करायची. आणि लोकं परत आले की एक उपासना त्यांच्यासाठी ठेवा, जेवणासकट. नाताळ २५ डिसेंबरलाच झाला पाहिजे असा हट्ट त्यांच्यापुढं तरी करू नका.

दुसरी मोठी गैरहजेरी आजारपणाची. जालना, बीड, परभणीकडचा माणूस सिरीयस झाला की संभाजीनगरला घाटीत, म्हणजे तिथल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात आणतात, आणि नातेवाईक चार-चार दिवस व्हरांड्यात झोपतात. शहरातल्या मंडळीनं नुसतं इतकं ठरवलं की आपल्या कोणत्याही गावच्या मंडळीचा माणूस घाटीत आला तर डबा आपला, तरी किती आधार होतो. ह्याला ठराव लागत नाही, चार घरं लागतात.

मग पोटासाठी पुण्याला, वाळूजला कंपनीत गेलेली तरुण पोरं, ज्यांची शिफ्ट रविवारीच असते. आणि रुसून बसलेले. त्यांच्याबद्दल पुढं सांगतो.

भेट कशी द्यायची

एकटं जाऊ नका, दोघं जा, आणि घरात एकटी बाई असेल तर सोबत एक बहीण पाहिजेच. अर्पणाचं पाकीट, दशमांशाची आठवण, चर्च बांधकामाची पावती ह्यातलं काहीही त्या दिवशी काढायचं नाही. मोबाईल खिशात. बसा, चहा देतील तो घ्या, जास्त ऐका. एखादं छोटं स्तोत्र वाचा, १२१ वं नाहीतर २३ वं, लहान प्रार्थना करा आणि उठा, दीड तासाची प्रार्थना आजारी माणसाला झेपत नाही.

आणि तिथं जे ऐकलं ते तिथंच सोडायचं. आपल्यात एक वाईट खोड आहे, दुसऱ्याच्या घरची गोष्ट आपण प्रार्थना विनंती म्हणून सांगतो. अमक्यासाठी प्रार्थना करा हो, त्याची सून माहेरी निघून गेलीय. झालं, संध्याकाळपर्यंत सगळ्या वस्तीला माहिती. कुणाच्या नावानं प्रार्थना मागायची असेल तर आधी त्याला विचारा, तो हो म्हणला तरच.

आजारासाठी प्रार्थना करताना अजून एक. गोळ्या बंद कर, विश्वास ठेव, असं कुणालाही कधीही म्हणू नका. शुगरच्या, बीपीच्या, टीबीच्या, फिटच्या, डोक्याच्या आजाराच्या गोळ्या मध्येच सोडल्यानं माणसं जातात. शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता, प्रेषित पौलानं त्याला प्रिय वैद्य म्हणलंय. प्रार्थना करा आणि दवाखान्यात सोबत पण जा.

माणूस निवडताना काय बघायचं

हे निवडून देणाऱ्यांसाठी पण आहे. १ तीमथ्य ३ मध्ये पौलानं अध्यक्ष, म्हणजे मंडळीचा पुढारी कसा असावा त्याची यादी दिलीय, आणि ती वाचताना नवल वाटतं कारण त्यात हुशारीबद्दल एकच गोष्ट आहे, शिकवण्यात निपुण. बाकी सगळं वागणं. दारूच्या आहारी नसलेला, मारका नाही, भांडखोर नाही, पैशाचा लोभी नाही, पाहुणचार करणारा, आपलं घर नीट चालवणारा, नवशिका नाही. आणि शेवटी सातव्या वचनात एक अट आहे जी आपण निवडणुकीत कधीच बघत नाही, बाहेरच्या लोकांत त्याचं नाव चांगलं असावं. तर मग बाहेर विचारा की. किराणा दुकानदाराला विचारा उधारी देतो का वेळेवर. शेजारच्या मुसलमान घराला विचारा, बांधाला बांध असलेल्या शेतकऱ्याला विचारा, त्याच्याकडं कामाला जाणाऱ्या माणसाला विचारा रोजगार पूर्ण देतो का. चर्चमध्ये गोड बोलणारा माणूस गावात कसा वागतो हे त्यांना पक्कं माहिती असतं.

त्याच्या बायकोचा चेहरा पण बघा, मी हे जबाबदारीनं सांगायलोय. घरात हात उचलणारा माणूस कितीही सुंदर प्रार्थना करत असला तरी त्याला पुढं करायचं नाही.

भावकी आणि कुरकुर

आता मुद्द्याचं. आपल्या मंडळ्या फुटतात त्या शिकवणीवरून कमी आणि घराण्यावरून जास्त. ही मंडळी अमक्यांची, पंच त्यांचे, खजिनदार त्यांचा, क्वायर त्यांच्या पोरींची, आणि मागच्या बाकावर बसणारे बाकीचे. त्यात जुनी जात, कोण आधी ख्रिस्ती झालं आणि कोण नंतर आलं, शिकलेलं घर आणि मजुरी करणारं घर, हे सगळं मिसळलेलं असतं. तोंडानं कुणी बोलत नाही पण पदं वाटताना दिसतं.

प्रेषितांची कृत्ये ६ हा अध्याय ह्याच्यासाठी मला फार जवळचा आहे. यरुशलेमची मंडळी वाढत होती आणि ग्रीक बोलणाऱ्या यहूद्यांनी कुरकुर केली की रोजच्या वाटपात आमच्या विधवांकडं दुर्लक्ष होतंय. आता आपल्याकडं अशी तक्रार आली की पहिलं उत्तर काय असतं? तुमचा आत्मा चांगला नाही, तुम्ही फूट पाडायलात. प्रेषितांनी असं एक अक्षर काढलं नाही. त्यांनी सगळ्या शिष्यांना बोलवलं, आम्हाला वचनाचं काम आहे, तुम्हीच तुमच्यातले सात चांगल्या नावाचे माणसं निवडा म्हणाले, आणि जे सात निवडले, स्तेफन, फिलिप्प आणि बाकीचे, त्यांची नावं सगळी ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांची तक्रार होती बहुतेक त्यांच्याच बाजूच्या लोकांच्या हातात वाटपाचं काम गेलं. केवढं मोठं मन लागतं ह्याला.

म्हणून कुरकुर आली की हे करा. तक्रार करणाऱ्याला गप्प करायच्या ऐवजी त्याच कामात घ्या. तरुण म्हणतात पैशाचा हिशोब कळत नाही, मग त्यातला एक पोरगा पैसे मोजायला बसवा. मागच्या बाकावरचं घर म्हणतं आम्हाला नाताळच्या कार्यक्रमात विचारत नाहीत, मग पुढच्या वर्षी कार्यक्रम त्यांच्याकडं द्या, पूर्ण द्या, वरून लुडबुड करू नका. जमणार नाही त्यांना असं वाटेल, पण जमतं.

ह्या मातीत ह्याचं उदाहरण पण आहे. जालन्याला रेव्हरंड नारायण शेषाद्री होऊन गेले. ब्राह्मण घरातले, १८४३ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पुढं जालन्याला येऊन ज्यांना गावकुसाबाहेर ठेवलं होतं त्या मांग-महार समाजात आयुष्य घातलं. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून जालन्याजवळ बेथेल नावाचं गाव वसवलं, की ख्रिस्ती झालेल्या गरीब माणसाला राहायला जागा आणि हाताला काम पाहिजे. माणसाच्या आत्म्याची काळजी करताना त्याच्या डोक्यावरच्या छपराची पण काळजी करणारा पुढारी आपल्याच मराठवाड्यात होऊन गेलाय, हे आपल्या संडे स्कूलच्या पोरांना सांगा जरा.

बायकांबद्दल एकच सांगतो. प्रार्थना सभेला सगळ्यात जास्त हजेरी त्यांची, भेटी त्या देतात, सैपाक त्या करतात आणि कमिटीत एखादं नाव नियमापुरतं. किंख्रियाच्या मंडळीची सेविका फिबी, तिच्याबद्दल पौल रोमकरांस पत्र १६ मध्ये लिहितो की तिला लागेल ती मदत करा. बचत गटाचं पुस्तक बिनचूक ठेवणारी बाई तुमच्या मंडळीत नक्की असेल. तिला खजिनदार करा.

पैसा

इथं प्रामाणिक असणं पुरत नाही, प्रामाणिक दिसलं पण पाहिजे. हे मी नाही, पौल म्हणतो, २ करिंथ ८ मध्ये. यरुशलेमच्या गरिबांसाठी मोठी रक्कम जमा झाली होती तर तो एकटा घेऊन गेला नाही, मंडळ्यांनी निवडलेला माणूस सोबत घेतला, की ह्या देणगीबद्दल कुणी आम्हाला दोष लावू नये. पौलासारख्या माणसाला साक्षीदार लागतो तर आपल्याला किती लागतील.

मग साधी पद्धत अशी ठेवा. उपासना संपली की तिथल्या तिथं दोघांनी अर्पण मोजायचं, आणि ते दोघं एका घरातले नसावेत. रजिस्टरवर आकडा, तारीख, दोघांच्या सह्या. पैसे कुणाच्या घरी न्यायचे नाहीत, सोमवारी बँकेत. क्यूआर कोड लावला असेल तर तो मंडळीच्या खात्याचा पाहिजे, खजिनदाराच्या स्वतःच्या फोनपेचा नाही, ही गोष्ट लई ठिकाणी चुकलेली असते आणि पुढं जाऊन चांगल्या माणसाचं नाव खराब होतं. दर तीन महिन्यांनी जमाखर्च मोठ्यानं वाचून दाखवायचा आणि कागद भिंतीवर लावायचा. ज्या म्हातारीनं पदराच्या गाठीतून दहा रुपये काढून टाकले तिला ते दहा रुपये कुठं गेले हे कळायचा हक्क आहे.

तुमची मंडळी स्वतः रजिस्टर ट्रस्ट असेल तर १९५० चा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम तुम्हाला लागू आहे. दरवर्षी ऑडिट, विश्वस्त बदलले की ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज. हा अर्ज राहून जातो आणि मग वीस वर्षांपूर्वी वारलेल्या माणसांची नावं कागदावर तशीच राहतात, आणि भांडण कोर्टात गेलं की खरे विश्वस्त कोण हेच सिद्ध होत नाही. जमिनीचं तर फार जपा. मिशनच्या काळातल्या जागा तेव्हा गावाबाहेर होत्या, आज भर बाजारात आल्यात, त्यामुळं बिल्डर, दलाल आणि कधी आपलेच लोक त्यावर डोळा ठेवून असतात. ट्रस्टची जागा विकायची, बक्षीस द्यायची किंवा लांब मुदतीनं भाड्यानं द्यायची तर कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. दोनचार जणांनी बसून सही केली म्हणून व्यवहार कायदेशीर होत नाही. कुणी तुमच्यापुढं कोरा कागद किंवा घाईचा कागद ठेवला तर सही करू नका, तो कितीही मोठा माणूस असो.

भांडणं

मत्तय १८ मध्ये रस्ता दिलाय, आधी एकट्यानं जाऊन बोला, नाही ऐकलं तर एकदोघांना घेऊन जा, मगच मंडळीपुढं. आपण बरोबर उलटं करतो, आधी व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकतो. ग्रुपवर फक्त उपासनेची वेळ, मयत आणि दवाखान्याची बातमी एवढंच चालेल असा नियम करा आणि तो स्वतः पाळा. रुसून बसलेल्याकडं तुम्ही जा, तो येईल म्हणून वाट बघू नका. तुमची काही चूक नसली तरी तुम्हीच जा, त्याच्यासाठीच तर तुम्हाला निवडलंय.

पण एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा, मत्तय १८ हे गुन्हा झाकायचं वचन नाही. लहान पोराशी किंवा पोरीशी कुणी वाईट वागल्याचं कळलं, मग तो पंच असो, संडे स्कूलचा टीचर असो नाहीतर पाळक, तर चर्चची इज्जत म्हणून आपसात मिटवायचं नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणं माहिती असणाऱ्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, १०९८ वर फोन करता येतो. तसंच मार खाऊन आलेल्या बहिणीला सहन कर, प्रार्थना कर म्हणून त्याच रात्री परत पाठवायचं नाही. तिला आधी सुरक्षित जागा द्या, समजावायचं असेल तर त्या मारणाऱ्याला समजवा.

सगळं एकट्यानं नको

मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा न्यायनिवाडा करत बसायचा, तर सासरा इथ्रो म्हणाला हे बरं नाही, तू पण थकशील आणि हे लोक पण, हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम. निर्गम १८. तुमच्या वहीतली घरं अशीच वाटून द्या, एका माणसाकडं सात-आठ घरं, पुरे. आणि आठवड्यातली एक संध्याकाळ स्वतःच्या घरच्यांसाठी ठेवा, एली याजकाची पोरं कशी बिघडली ते १ शमुवेलात आहे.

शेजार आणि निवडणूक

ग्रामपंचायत असो की विधानसभा, उमेदवार पाळकांकडं आणि पंचांकडं येतातच. या म्हणावं, चहा घ्या, पण मंडळीच्या वतीनं शब्द द्यायचा नाही. मंडळीची मतं कुणा एकाच्या खिशात नसतात, आणि ज्यानं एकदा उमेदवाराचे पैसे घेतले, सभामंडपासाठी का होईना, त्याचं तोंड पुढं पाच वर्षं बंद राहतं.

बाकी गावासाठी जे करता येईल ते करा. आपल्याकडं पाण्यापेक्षा मोठी सेवा नाही, २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. चर्चच्या बोअरला पाणी असेल तर नळ कंपाऊंडच्या बाहेर काढा, सगळ्या गल्लीसाठी. शेजारच्या मयतीला जा, त्यांच्या लग्नात वाढायला उभे राहा.

खुर्ची सोडताना

३ योहानात दियत्रफेस नावाचा माणूस आहे, ज्याला मंडळीत पहिलं स्थान पाहिजे असायचं, तो पाहुण्या बंधूंना घेत नव्हता आणि घेणाऱ्यांना बाहेर काढायचा. त्याच्याविरुद्ध जुन्या करारातला शमुवेल संदेष्टा ठेवून बगा, म्हातारपणी सगळ्या लोकांपुढं उभा राहून विचारतो, मी कुणाचा बैल घेतला, कुणाचं गाढव घेतलं, कुणाला फसवलं, सांगा, मी परत देतो. मुदत संपताना वार्षिक सभेत असं विचारायची तयारी पहिल्या दिवसापासून करा.

आणि दोन तरुण पहिल्याच वर्षी सोबत घ्या, एक मुलगा एक मुलगी, भेटीला, बँकेत, धर्मादाय कार्यालयात सगळीकडं न्या. सोडताना त्यांच्या हातात काय द्यायचं ते सांगतो. ट्रस्ट नोंदणीचं प्रमाणपत्र, सातबारा किंवा पीआर कार्ड (शहरातल्या जागेचा मालकीचा उतारा), कर भरलेल्या पावत्या, बँकेचं पासबुक आणि सह्या बदलल्याचं पत्र, ऑडिटच्या फाईली, कबरस्तानाचा नकाशा असेल तर तो. बाप्तिस्मा, लग्न आणि दफन ही तिन्ही रजिस्टरं पाळकांच्या ताब्यात आहेत का ते स्वतः बघून, पानं मोजून, वाळवी लागली असेल तर सगळ्या पानांचे फोटो काढून. कुणाच्या पासपोर्टला, कुणाच्या जन्माच्या पुराव्याला ती लागतात आणि बऱ्याच गरीब घरांकडं आजोबांच्या नावाचा तेवढाच कागद असतो. मग सगळ्याची यादी करून दोघांच्या सह्या घ्या आणि सगळ्यात वर ती गैरहजर लोकांची वही ठेवा, त्या दोघांना सोबत घेऊन त्यातली पहिली चार-पाच घरं एकदा फिरून या म्हणजे त्या घरांना पण कळेल की आता फोन कुणाला करायचा.